प्लास्टर निघालं, पाय अजून यायचाय

आलेलं पत्र:

"ताई, मी ४८ वर्षांची, साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ओल्या जिन्याची शेवटची पायरी चुकली, डावा पाय आत वळला आणि करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते काढून आज अकरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, चालायला लागा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता संध्याकाळ झाली की पाय सुजून जांभळा पडतो, सकाळी उठून पहिली पावलं टाकताना टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं, पोटरी तर बघवत नाही इतकी बारीक झालीये. घरात सगळे म्हणतात प्लास्टर निघालं ना, मग आता काय. मिस्टर म्हणतात तू उगाच घाबरतेस. खरं सांगू का, घाबरतेच. शेजारच्या काकूंनी एका मालिशवाल्यांचा नंबर दिलाय, दोन वेळात पाय मोकळा करतात म्हणे. सोमवारी शाळेत हजर व्हायचंय, पाच आठवड्यांवर गौरी आल्यात. माझा पाय असाच राहणार का? पोरांना लंगडी शिकवणारी बाई आता स्वतःच लंगडी झालीये.

ता. क. सूज होती म्हणून दवाखान्यात पायातलं जोडवं कापून काढलं होतं. सासूबाई रोज विचारतात, कधी घालणार."

बाई, तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. नाही, पाय असाच राहणार नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं, ती सूज, तो रंग, टाचेतली कळ, काडीसारखी पोटरी, हे प्लास्टर काढल्यावरच्या अकराव्या दिवशी जसं असतं तसंच आहे. मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करतेय, आणि प्लास्टरनंतरच्या या टप्प्यावर "प्लास्टर काढलं आणि पाय आधीपेक्षा वाईट झाला" असं म्हणणारा प्रत्येक दुसरा माणूस बघितलाय.

डॉक्टर खोटं नाही बोलले, अर्धंच बोलले. हाड जुळलं म्हणजे हाड जुळलं, बस. एका पायात २६ हाडं असतात, तुमचं त्यातलं एक मोडलं, पण कोंडून ठेवले ते सगळेच्या सगळे, शिवाय घोटा, पोटरी, तळव्याची शीर, कातडी, सगळ्यांनाच सहा आठवडे शिक्षा. एका पोराने खिडकी फोडली म्हणून अख्खा वर्ग सहा आठवडे बाकावर उभा केला तर मग सुट्टी झाल्यावर तो वर्ग लगेच कवायत करेल का हो? तसंच आहे हे. आणि जुळलेलं हाडसुद्धा अजून कोवळं असतं, आतली डागडुजी पुढे कित्येक महिने चालू राहते, चालण्याइतकं ते पक्कं झालंय एवढाच "जुळलंय"चा अर्थ.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं मी पुस्तकातलं सांगतेय असं वाटेल. २०१७ साली पुण्यात फोनवर बोलत बोलत फूटपाथवरून उतरले आणि माझंही हेच हाड गेलं, फक्त उजव्या पायाचं. पंधरा-वीस वर्षं लोकांना "हळूहळू, घाई नको" असं सांगणारी मी, प्लास्टर काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात तुळशीबागेत गेले. एक तास म्हणून गेले, तीन तास फिरले. त्यानंतर चार दिवस पाय उशीवर ठेवून पडले होते आणि माझेच पेशंट फोन करून मला सूचना देत होते. त्यामुळे तुमच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही, माझा प्रॉब्लेम उलटा होता आणि तो जास्त मूर्खपणाचा होता.

हे करंगळीमागचं हाड तसं फार लोकांचं मोडतं. पाय आत मुरगळला की बाहेरच्या बाजूची शीर ताणली जाते आणि हाडाच्या बुडाचा एक तुकडाच ओढून काढते. तो प्रकार असेल तर सहसा बिनबोभाट जुळतो. पण त्याच्या जरा पुढे, बोटांच्या दिशेने मोडलं असेल तर तिथे रक्तपुरवठा कमी असतो, तिथलं हाड जुळायला रखडतं. या दुसऱ्या प्रकाराला रॉबर्ट जोन्स नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जनचं नाव आहे, १९०२ साली त्याने त्याबद्दल लिहिलं आणि त्यातला एक पेशंट तो स्वतःच होता, नाचताना पाय मोडून घेतलेला! हे सांगायचं कारण गंमत नाही (थोडी आहे), तुम्ही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढं विचाराच, की माझं बुडाशी मोडलंय की त्याच्या पुढे. पुढे असेल तर मी खाली जे वेळेचं गणित सांगणार आहे त्यात भर घाला आणि डॉक्टर परत एक्सरे काढू म्हणाले तर कुरकुर करू नका. आणि एक्सरेत अजून बारीक रेघ दिसली तरी हादरू नका, रेघ पुसायला वेळ लागतो. बोटाने त्या जागी दाबल्यावर दुखतं का, हेही डॉक्टर बघतात ते त्यासाठीच.

आता तो जांभळा रंग. घरातले बघून घाबरतात ना? मला माहितीये. साधी गोष्ट आहे, पायात उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते, चालताना पोटरी आवळते आणि रक्त वर जातं, पंपच तो. तुमचा पंप सहा आठवडे बंद होता. मग पाय खाली लोंबला की रक्त साठतं, रंग बदलतो, पाणी धरतं. एक करून बघा, पलंगावर आडव्या व्हा, पाय उशांवर घ्या, दहा मिनिटांत रंग परत येतोय का बघा. येत असेल तर तो रंग फक्त दिसायला भयंकर आहे. सूज मात्र लवकर पिच्छा सोडत नाही हे आत्ताच सांगून ठेवते. रोज संध्याकाळी थोडी तरी सूज तीन महिने, कधी सहा महिने राहते, काहींना दिवसभर उभं राहिल्यावर वर्षभरही जाणवते. सकाळी उतरलेली आणि संध्याकाळी आलेली सूज ही वाईट खूण नाही, सकाळीही न उतरणारी सूज म्हणजे आदल्या दिवशी जास्त झालं.

आणि पाय वर म्हणजे किती वर, हे नव्वद टक्के लोक चुकवतात. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला की लोकांना वाटतं झालं काम. नाही झालं. पाय छातीपेक्षा उंच हवा, म्हणजे आडवंच व्हायला लागतं, पोटरीखाली दोन-तीन उशा, टाच हवेत मोकळी. दिवसातून तीन-चार वेळा वीस मिनिटं. तुमच्या घरात दुपारी आडवं होणं म्हणजे आळस असेल तर हा लेख फ्रीजवर चिकटवा. क्रेप बँडेज बांधत असाल तर बोटांकडून वर बांधत या, घोट्यापासून सुरू केलं तर बोटं सुजतात, आणि रात्री झोपताना सोडा. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, संध्याकाळी. सकाळी मात्र कोमट पाणी.

कोमट पाण्यावरून आठवलं, तुम्ही कातडीबद्दल काही लिहिलं नाहीये पण मला माहितीये काय चाललंय. सापाने कात टाकावी तशी सालपटं निघतायत, केस वाढलेत आणि एक वास येतो जो कितीही धुतला तरी जात नाही. बरोबर ना? सहा आठवड्यांची मेलेली कातडी आहे ती. वज्री घेऊन घासू नका प्लीज, खालची कातडी नवी आहे, सोलवटते. टबात दहा मिनिटं पाय बुडवा, मऊ फडक्याने टिपा, खोबरेल लावा, रोज थोडं थोडं जाईल. आणि त्या टबातच घोटा वरखाली करायला सुरुवात करा, गरम पाण्यात तो कमी कुरकुरतो.

व्यायाम तुम्हाला कुणी नीट सांगितलेच नसावेत असं पत्रावरून वाटतंय. एखाद्या फिजिओला एकदा तरी दाखवा, साताऱ्यात मिळतील. तोवर हे चालू करा. तासातासाला पंजा आपल्याकडे ओढायचा आणि पुढे ढकलायचा, पंधरा वेळा, हा तोच पंप. दुसरं तुमच्यासाठी खास, पाय हवेत धरून अंगठ्याने अक्षरं काढायची, क पासून ज्ञ पर्यंत, सकाळ-संध्याकाळ एकदा. अंगठा म्हणजे पेनाचं टोक, हलवायचा तो घोटा, गुडघा नाही. ए-बी-सी-डी काढायला सांगतात सगळीकडे पण आपली अक्षरं जास्त गोलाकार, ळ आणि क्ष काढताना घोटा कुठेकुठे अडतो ते बरोबर कळतं. पहिल्या दिवशी तुमचा क सुद्धा पहिलीतल्या पोराने काढल्यासारखा येईल. येऊ दे. तिसरं, जमिनीवर चिंचोके टाका आणि पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत ठेवा. हे फालतू वाटतं, मलाही वाटायचं, पण तळव्यातले बारीक स्नायू असे जागे होतात की दुसऱ्या दिवशी तळवा दुखतो.

टाचेतली सुरी. ती मोडलेल्या हाडाची नाहीये, म्हणून तर टाचेत आहे. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो आणि मागची टाचेची शीर दोन्ही आखडल्यात, रात्री आणखी आखडतात आणि सकाळी पहिल्या पावलाला ओढ बसते. उपाय अंथरुणातच आहे. पाय खाली टाकायच्या आधी एक पंचा चवड्याला अडकवायचा, गुडघा सरळ ठेवून दोन्ही हातांनी पंचा आपल्याकडे ओढायचा, तीस आकडे मोजायचे, सोडायचं, तीन वेळा. मगच उठायचं, आणि उठल्यावर लादीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही.

हे जरा महत्त्वाचं आहे. आपल्याकडे घरात चप्पल म्हणजे पाप. पण शहाबादी फरशीवर अनवाणी चालणं हे आत्ता तुमच्या पायाला परवडणारं नाही. जाड, न वाकणाऱ्या सोलचे, पट्टा किंवा लेस असलेले नवे बूट आणा, ते फक्त घरात वापरा, रस्ता त्यांना दाखवायचाच नाही, मग सासूबाईंचीही हरकत राहणार नाही. स्वयंपाकघरात घालून उभं राहा, देवघराच्या दारात काढा. सपाट रबरी स्लीपर आणि बाथरूमच्या ओल्या लाद्या ही जोडी तर मला बघवतच नाही, एकदा जिन्यावर झालंय तेवढं पुरे.

आता चालणं आणि भीती, दोन्ही एकदमच घेते कारण ती एकच गोष्ट आहे. तुम्हाला वाटतंय की वजन टाकलं तर हाड परत कटकन मोडेल. डॉक्टरांनी चाला म्हटलंय म्हणजे चालण्याने ते मोडणार नाही, पण हे डोक्याला कळून पायाला कळत नाही. पायाला आकड्यात सांगावं लागतं. घरात वजनकाटा असेल तर काढा, नसेल तर आणा, ओट्यासमोर ठेवा. डावा पाय काट्यावर, उजवा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर किंवा जाड पुस्तकांवर. ओट्याला हात धरा आणि आपण दोन्ही पायांवर सारखं उभं राहिलोय असं वाटेपर्यंत उभं राहा. मग काटा वाचा. समजा तुमचं वजन ६४ किलो आहे, तर काट्यावर ३२ दिसायला हवेत. दिसतील १४. माझे १३ दिसले होते आणि मी फिजिओ होते. मग हळूहळू भार सरकवत १८ करा, तिथे पाच श्वास थांबा. उद्या २२. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर गेलं तर मागे या. काट्यावर आकडा चढताना बघितला आणि काहीही मोडलं नाही हे रोज डोळ्यांनी बघितलं की भीती आपोआप सैल होते, मिस्टरांनी "घाबरू नकोस" म्हणून होत नाही.

काठी वापरताय का? पत्रात काही नाही, म्हणजे बहुतेक नाही, आणि तेही लाज वाटते म्हणून. वापरा. आणि डावा पाय दुखतोय तर काठी उजव्या हातात. सिनेमात सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात, ते बघू नका. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे, मग चांगला पाय. पावलं छोटी आणि सारखी, आधी टाच, मग तळवा, मग अंगठ्याने जमीन ढकलायची. मनात एक-दोन, एक-दोन म्हणा, कवायतीसारखं, दोन्ही पावलांना सारखा वेळ मिळायला हवा. काठी घेऊन दहा मिनिटं सरळ चाललेलं, काठीशिवाय अर्धा तास लंगडत चाललेल्यापेक्षा चांगलं, कारण लंगडण्याची पायाला सवय लागते आणि मग पाय बरा झाला तरी कंबर आणि गुडघा रडायला लागतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठड्याला हात.

जास्त झालं की कमी झालं हे त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. संध्याकाळी थोडं ठणकलं आणि सकाळी नेहमीइतकंच असेल तर कालचं बरोबर होतं. सकाळी जास्त दुखतंय, सूज उतरली नाही, तर आज कालच्या अर्धं. एवढा एकच नियम मी सगळ्यांना देते आणि तोही लोक पाळत नाहीत.

मालिशवाले. बाई, नको. तेलाचा हात हलकेच बोटांकडून वर पोटरीकडे फिरवणं, स्वतःचा किंवा मुलीचा, याला माझी ना नाही, छान वाटतं. पण "पाय मोकळा करतात" म्हणजे काय करतात ते मी बघितलंय, पाय मांडीत धरून घोटा कडकड वाजवतात. सहा आठवड्यांच्या कोवळ्या जोडावर हे? दुसरं कारण आणखी गंभीर आहे. प्लास्टरमध्ये पाय पडून असला की कधीकधी पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते, अशा पोटरीला रगडलं तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्यामुळे हेही वाचून ठेवा: पोटरीच सुजलीये, गरम लागतेय, दाबल्यावर आतून दुखतेय आणि पाय रात्रभर वर ठेवूनही फरक नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, तडक मोठं हॉस्पिटल. आणखी एक, पायाला पांघरूण लागलेलंही सहन होईना, सतत आग, कातडी चकचकीत, पाय मध्येच गरम मध्येच बर्फासारखा गार, घाम, असं झालं तर "होईल बरं" म्हणत बसू नका, नसांचा एक चिवट त्रास असतो तो, लवकर धरला तर आटोक्यात येतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, घाबरवायला लिहीत नाहीये.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही पण घरात चर्चा चालू असणारच, आंबट खाऊ नको, भात खाऊ नको. खा. आंबटाने हाड विरघळत नाही. पायासूप कुणी आणून देत असेल तर जरूर प्या, पाय खाऊन पाय जुळत नाही पण पावसाळ्यात छान लागतं. खरं लागतं ते कॅल्शियम आणि प्रोटीन. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, शंभर ग्रॅम नाचणीत ३४० च्या आसपास असतं, मोठ्या कपभर दुधात ३००, वर तीळ, दही, डाळी, चालत असतील तर अंडी. आणि तुमचं वय ४८ आहे म्हणून सांगते, डॉक्टरांना व्हिटॅमिन डीची तपासणी करू का विचारा, आणि पाळी जायला लागली असेल तर हाडांच्या घनतेचंही विचारून ठेवा. डीची पावडर मेडिकलमधून आपली आपण आणून खात सुटू नका. घरात कुणी तंबाखूची मिश्री लावत असेल, तुम्ही स्वतः सोडून म्हणते, पण तुम्हीही असाल तर, ती हाडाची शत्रू आहे, बंद.

शाळा. सोमवारी हजर व्हा असं मी म्हटलं तर तुम्ही पहिल्याच दिवशी पाच तास उभ्या राहाल, शिक्षकांना बसून शिकवता येत नाही हे मला माझ्या आईवरून माहितीये. जमत असेल तर आणखी दोन आठवडे रजा वाढवा. नसेलच जमत तर डॉक्टरांकडून लेखी आणा, तळमजल्यावरचा वर्ग, खुर्ची, मैदानावरची ड्युटी नाही. तोंडी सांगितलेलं शाळेत कुणी ऐकत नाही, कागद ऐकतात. मधल्या सुट्टीत दोन बाकं जोडून पाय वर घ्यायचा, पोरं हसतील दोन दिवस, मग तीच उशी आणून देतील. आणि शाळेत संडास भारतीय पद्धतीचा असेल तर उकिडवं बसायला घोटा जेवढा वाकायला लागतो तेवढा तो आत्ता वाकणार नाही, मेडिकलच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानेही मिळते, ती आधी पोचवा. बायका याच कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत, ते करू नका.

गौरींचं मात्र मला तुमच्याशी जरा भांडायचंय. पाच आठवड्यांनी तुम्ही बहुतेक काठीशिवाय घरात चालत असाल, बूट घालून. म्हणजे गौरी आणायला, मिरवायला, फोटोत उभं राहायला काहीच हरकत नाही. पण सोळा भाज्या, पुरणपोळ्या आणि शंभर पानं याचा अर्थ सलग आठ तास ओट्यासमोर, आणि मांडी घालून खाली बसणं-उठणं वेगळंच. ते नाही. डायनिंगच्या खुर्चीत बसून भाज्या चिरा, पुरण वाटा, लोकांना हुकूम सोडा. पोळ्या यंदा विकतच्या आणा किंवा जावेला लाटू दे. तुम्हाला वाटेल माझ्याशिवाय होणार नाही. प्लास्टरमध्ये होतात तेव्हा सहा आठवडे घर कुणी चालवलं? मग झालं तर. घरच्यांची गंमत अशी असते की त्यांना प्लास्टर दिसतं, अशक्तपणा दिसत नाही. पांढरं प्लास्टर असेपर्यंत पाणीसुद्धा हातात मिळतं, ते निघालं की त्याच दिवशी संध्याकाळी "चहा टाकतेस का" सुरू. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवा आणि मिस्टरांना शिवणाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजायला सांगा, गुडघ्याच्या खाली एक वीत. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक निघेल. तो आकडा कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी परत. माझ्या नवऱ्याचं "प्लास्टर निघालं ना" त्या टेपनंतर बंद झालं, उलट तोच विचारायला लागला आज टाचा उचलल्यास का.

टाचा उचलणं म्हणजे पुढचा टप्पा, आत्ता नाही, साधारण तीन-चार आठवड्यांनी. ओट्याला धरून दोन्ही टाचा एकदम उचलायच्या, दहा वेळा, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता होतं. ते सोपं वाटायला लागलं की दात घासताना डाव्या पायावर एकटं उभं राहायचं, दुसरा हात बेसिनला. हात न धरता तीस सेकंद, न डगमगता, न दुखता जमलं की स्कूटी काढा, त्याआधी नाही, सिग्नलला तुम्ही डावाच पाय टेकवता आणि खड्ड्यात गाडी कलली तर सगळा भार त्याच्यावर. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जात असाल तर तो चढ तीन महिन्यांनंतर, आणि उतार त्याहून उशिरा. फक्त डाव्या पायावर टाच दहा वेळा उचलता आली की समजा पोटरी परत आली. आणि लंगडी, डाव्या पायावरची, ती डॉक्टरांना विचारून, दिवाळीनंतर केव्हातरी. तोपर्यंत पोरांना उजव्या पायावर दाखवा, नाहीतरी अर्धी पोरं पाय बदलतातच.

राहिलं जोडवं. सासूबाईंना सांगा, संध्याकाळची सूज जोपर्यंत येतेय तोपर्यंत नाही. सकाळी सहज जाईल आणि रात्री नऊला बोट निळं पडलेलं असेल, मग परत कापायचं. कापलेलं जोडवं सराफाकडे नेलंत तर चांदीच ती, जोडून मिळेल, पण माप द्यायला सकाळी जाऊ नका. दिवसभर काम झाल्यावर, संध्याकाळी सातनंतर जा. आणि तोवर सासूबाईंचं समाधान होत नसेल तर उजव्या पायातलं आहेच की.